चौदा भरलेले पेले

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. किशोरीस,
प्रभूमध्ये सलाम.

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या नावाने प्रार्थनेची विनंती टाकलीस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. तरी रीत म्हणून विचारते. तुझ्या शैलेशची शुगर कशी आहे? उरणला तुझ्या आईचा, गुणाबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, तेल चोळून काही होत नाही, डॉक्टरला दाखवा.

झालं. आता मुद्द्यावर येते.

खांदा कॉलनीतून जवळच्याच पळस्प्याला पत्र धाडणारी मी एकटीच असेन. पण फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी थांबते. या वेळी मला थांबायचं नाही. पोस्टाने तीन दिवस लागतील. तेवढ्यात माझा राग उतरला, तरी पत्रातला उतरणार नाही.

तू लिहिलंस ते इथे उतरवून काढते, म्हणजे 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं व्हायला नको. "आपल्या लाडक्या चंद्रावतीवहिनींसाठी कळकळीची विनंती. दादांच्या वियोगानंतर त्यांचा विश्वास थंडावला आहे. गेलं वर्षभर त्या प्रभुभोजन घेत नाहीत. सर्वांनी त्यांना प्रार्थनेत धरावे." खाली जोडलेले हात, एक मेणबत्ती आणि एक कबुतर.

एकेचाळीस जणांनी उलट हात जोडले. मी मोजले. एकाने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला.

काल सकाळी मी बाजारात गेले. रंजिता भेटली. हो, तीच, जिला मी रविवारच्या शाळेत दहा आज्ञा पाठ करायला लावल्या आणि जी सातव्या आज्ञेनंतर नेहमी अडखळायची. तिने भाजीवाल्यासमोर माझा हात दोन्ही हातांनी धरला, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाली, "मावशी, आम्ही सगळ्यांनी धरलंय हं तुम्हाला प्रार्थनेत."

मी म्हटलं, "प्रार्थनेत धर. हात सोड. मला कोथिंबीर घ्यायची आहे."

भाजीवाला म्हणाला, "बाई, बरं नाय का तुमाला?" त्याने कोथिंबिरीवर आल्याचा तुकडा फुकट घातला. चाळीस वर्षांत या पनवेलमध्ये कुणी माझी कीव केली नव्हती. तू एका संध्याकाळीत ते साधलंस.

दुपारी पाळकसाहेबांचा फोन. "भगिनी, भेटायला येऊ का? थोडं वचन वाचू या." मी म्हटलं, "या. पवित्र शास्त्र आणायची तसदी घेऊ नका, घरात चार आहेत." ते आलेले नाहीत.

आणि संध्याकाळी ग्रुप सांभाळणाऱ्या प्रितेशने यादी टाकली. बुधवार १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे, म्हणून त्या दिवशी माझ्यासाठी चोवीस तासांची साखळी प्रार्थना. प्रत्येकाने एकेक तास. ही यादी त्याने नवी केलेली नाही. तुमच्या दादांच्या आजारपणात जी साखळी केली होती, तीच काढली आणि वरचं नाव तेवढं बदललं. मला कसं कळलं? पहाटे पाच ते सहा, प्रार्थना करणार: चंद्रावती साळवे. विषय: चंद्रावती साळवे. नीट वाचावी एवढीही तसदी त्याने घेतली नाही. ग्रुपवर शहाऐंशी माणसं आहेत. एकाच्याही ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी खाली 'आमेन' लिहिलं आहे. तुझंही आमेन आहे.

त्याला सांग, माझं नाव काढ. वरचंही आणि आतलंही.

आता तुझ्या शब्दांकडे येते. 'थंडावला.' हा शब्द तुला कुठून सुचला? ज्यांचा विश्वास गरम आहे ते काय करतात, तेही मला रोज दिसतं. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर एक वचन चिकटवून पाठवतात. ते त्यांनी स्वतः वाचलेलं नसतं, त्यांना आलेलं असतं म्हणून ते पुढे ढकलतात. देवाशी नातं म्हणजे आलेलं पार्सल शेजारच्या दारात ठेवणं झालं आहे. मी आणि तुमचे दादा त्रेचाळीस वर्षं रोज पहाटे पाचला एकेक अध्याय वाचत होतो. आज मी, उद्या ते. मग एक गीत. त्यांचा सूर कधी लागला नाही, एका गीताची चाल दुसऱ्याला लावायचे. चहा त्यानंतर. तापात सुद्धा, मुलगी गेली त्या आठवड्यात सुद्धा. याची आम्ही कधी ग्रुपवर विनंती टाकली नाही.

थंडावला म्हणे. अगं, उकळतो आहे.

राहिली प्रभुभोजनाची गोष्ट. कोण घेतं आणि कोण घेत नाही, हे पाहायचं काम तुला कुणी दिलं? एकोणीस वर्षं दर महिन्याला त्या मेजाचा द्राक्षारस मी करते. शनिवारी मनुका मी कुस्करते, रविवारी मागच्या दारात उभं राहून घेणारी डोकी मी मोजते, तितकेच पेले मी भरते. एकोणीस वर्षांत एक थेंब कमी पडला नाही. पेले धुताना तू शेजारी फडकं घेऊन उभी असतेस. पुसायला. मोजायला नव्हे.

पण तू मोजलेस. मला ठाऊक आहे. परवा मी चर्चच्या मागच्या अंगणात जास्वंदीपाशी वाकले होते आणि मागे वळले, तर तू दारात होतीस, हातात ओलं फडकं. माझ्या हातात पेला होता. तू काही बोलली नाहीस. तेव्हाच बोलली असतीस तर मी तुला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. त्याऐवजी तू घरी गेलीस, चहा घेतलास आणि शहाऐंशी माणसांना सांगितलंस.

चौदा वेळा. एक भरलेला पेला दर महिन्याला परत आला आणि मी तो जास्वंदीला घातला. लिहून टाकते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको.

का, ते तू विचारलं नाहीस. ग्रुपला तू कारणही देऊन टाकलंस. वियोग. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, किशोरी. माणसं मरतात हे मला ठाऊक आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी मी पुरली आणि पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर बसून प्रभुभोजन घेतलं. नवरा मेला म्हणून रुसून बसणारी बाई मी नव्हे.

तुला खरंच आठवत नाही? २६ नोव्हेंबर, तेवीस साल. ह्यांची फुप्फुसं साफ झाली होती, घरी येऊन चार दिवस झाले होते. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस. मी म्हटलं, आभाराची उपासना नाताळानंतर ठेवू, घाई नको. तू म्हणालीस, "वहिनी, साक्ष अडवून ठेवू नये. देवाने केलंय ते त्याच रविवारी सांगायचं. नाय तर आशीर्वाद परत जातो." आशीर्वाद परत जातो! कुठल्या अध्यायात आहे ते? मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी पांढरी साडी नेसले आणि सगळ्या मंडळीसमोर उभी राहिले. म्हणाले, "माझ्या नवऱ्याला प्रभूने पूर्ण बरं केलं आहे. मी साक्षी आहे."

अकराव्या दिवशी हे गेले.

मी पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. ट्रंक बोर्डावर परगावचे कॉल जोडत होते, मग पर्यवेक्षक झाले. पलीकडची लाईन लागली हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मी कुणाला 'बोला' असं कधी म्हटलं नाही. माणसं शिव्या द्यायची, रडायची, कुणाची आई मरणाला टेकलेली असायची. तरी नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना हा पहिला धडा. आणि जन्मात एकदा, देवाच्या घरात उभी राहून, मी लाईन लागायच्या आधी 'बोला' म्हटलं. खोटी साक्ष. रंजिता जिथे अडखळायची, त्याच्या पुढच्याच पायरीवरची, नववी आज्ञा.

देवाने मला तोंडघशी पाडलं. त्याला अकरा दिवसांहून जास्त थांबता आलं नाही, की मला तरी अडवता आलं नाही? ज्याने मला सर्वांसमोर खोटं ठरवलं, त्याच्या मेजावर जाऊन मी हात पुढे करू? आणि ज्या बाईने मला त्या ठिकाणी उभं केलं, तीच आता माझ्यासाठी कबुतर पाठवते आहे.

असो. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

निर्णय सांगते. मी हे काम सोडते आहे. २ मार्चचा रस तू करायचास. तुझ्याइतकं ते कुणी पाहिलेलं नाही आणि तुला पाहायची आवड आहेच. शुक्रवारी २८ तारखेला ये. अर्धा किलो काळ्या मनुका आण, बियांच्या. बिनबियांच्या गोडमिट्ट असतात, रसाला अंग येत नाही. धुऊन कोमट पाण्यात भिजवायच्या, शनिवारी कुस्करून मंद आचेवर ठेवायच्या, मलमलच्या फडक्यात बांधून टांगायच्या. साखर घालायची नाही. आणि पिळायचं नाही. पिळलं की गढूळ होतो. गळेल तेव्हा गळेल. हे तुला जड जाईल.

उत्तर ग्रुपवर देऊ नकोस.

चंद्रावतीवहिनी
('लाडक्या' हा शब्द मी परत करते आहे.)


खांदा कॉलनी, नवीन पनवेल
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. किशोरीस,
सलाम.

सामान ताब्यात दिल्याची नोंद लिहून देते असं काल म्हटलं होतं, ती शेवटी जोडली आहे. तेवढंच पाठवणार होते. पण शुक्रवार-शनिवार आपल्या दोघींचे हात मनुकांत होते आणि तू विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. उत्तर न देता कामाचा ताबा देणं बरोबर नाही. एक्स्चेंजमध्येही पाळी बदलताना अडकलेले कॉल पुढच्या मुलीला सांगूनच उठायचं असे.

आधी १९ तारखेचं सांगते. प्रितेशने माझं नाव काढलं नाही. तू सांगितलंस म्हणतेस, त्याने ऐकलं नसेल. मंगळवारी झोपताना मी ठरवलं होतं, बसणार नाही. पहाटे पावणेपाचला डोळे उघडले. यादीत नाव आहे आणि माणूस जागेवर नाही, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. चारच्या पाळीची बाई उठून जाईल आणि बोर्ड रिकामा राहील. चार ते पाच कोण होतं, पाहिलंस? रंजिता. ती खरंच जागली असेल की नाही देव जाणे. पण समज, जागली असेल. तर तिच्यानंतर साखळी माझ्याच नावाशी तुटायची आणि तीही माझ्यासाठीच चाललेली. मला हसू आलं. मग मी उठले.

ह्यांच्या खुर्चीसमोर माझी खुर्ची ओढून बसले. शास्त्र उघडलं नाही. खुणेची फीत हे गेले त्या ७ डिसेंबरच्या पानावर आहे, तिथेच राहू दिली. हात जोडले नाहीत. म्हटलं, मला चंद्रावती साळवेसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. तर ऐक. आणि मग जे तोंडाला आलं ते बोलले. तुला पत्रात लिहिलं त्याच्या दसपट. मोठ्याने. खालच्या मजल्यावरच्या मालूबाईंनी सकाळी विचारलं, "काकू, पहाटे कुणाशी भांडत होतात? पाहुणे आलेत का?" मी म्हटलं, "जुने आहेत."

त्या तासात एक गोष्ट तोंडातून निघाली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. तुलाही सांगितली नव्हती, आणि तुला दोष देताना ती मी सोयीने गाळली.

डॉक्टर म्हणाले होते. दवाखान्यातून सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, अजून महिनाभर काही सांगता येणार नाही. घरी न्या, पण गाफील राहू नका." मी ऐकलं होतं, किशोरी. माझे कान शाबूत आहेत. साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा ते वाक्य माझ्या कानात होतं आणि मी ते गिळलं. तू आग्रह केलास म्हणून नव्हे. तुझं आग्रह करणं मी वीस वर्षं पाहते आहे, त्यातलं किती ऐकलं? मला उभं राहायचं होतं. सगळ्यांनी एकवीस दिवस उपास केले होते, प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न होता, आणि मला एकदा तरी 'हो' म्हणायचं होतं. त्याने मला खोटं पाडलं नाही. मी त्याच्या नावावर खोटं बोलले. चौदा महिने मी हा हिशेब उलटा लिहीत होते.

हे ह्यांना कळलं होतं. उपासनेनंतर रिक्षात बसलो. कोट अंगावर लोंबत होता, गुंडाळलेल्या छत्रीसारखे दिसत होते. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "चंद्रा, लाईन लागायच्या आधीच 'बोला' म्हणालीस." आणि हसले. हसताना खोकला आला. मी म्हटलं, "गप्प बसा, वारा लागेल." हे आमचं त्यावरचं एकुलतं एक बोलणं.

तर तो तास. पलीकडून काही आलं का, असं तू विचारणारच, म्हणून सांगते. काही आलं नाही. ना शांती, ना प्रकाश, ना वचन. पण ट्रंक बोर्डावर बसलेल्या बाईला एक कळतं. लाईन मेलेली असते तेव्हा कानात काही म्हणजे काही नसतं, भिंतीला कान लावल्यासारखं. आणि लाईन चालू असून पलीकडचा बोलत नसतो, तेव्हा एक बारीक गुणगुण असते. नव्या मुलीला दोन्ही सारखंच वाटतं. मला वाटत नाही. सहाला उठले तेव्हा एवढंच माहीत होतं की लाईन मेलेली नाही. याहून जास्त मी म्हणणार नाही. एकदा म्हणून पाहिलं आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

शुक्रवारी तू दारात उभी राहिलीस ती मनुका आणि सुक्या जवळ्याचा डबा घेऊन. मी म्हटलं, "जवळा कशाला? लाच का?" तू म्हणालीस, "आयने दिलाय. लाच असती तर पापलेट आनलं असतं." तिथेच माझा अर्धा राग जायला हवा होता. गेला नाही, पण तू आत आलीस.

शनिवारी दुपारपर्यंत तू गुणी बाईसारखी 'हो वहिनी, बरं वहिनी' करत राहिलीस. मग फडकं टांगलं, थेंब पडायला लागले आणि तुला राहवलं नाही. वीस वर्षं पनवेलात काढून शुद्ध बोलायला शिकलीस, पण पोटातलं बोलायचं झालं की तू उरणचंच बोलतेस.

"वहिनी, मी चुकले. ग्रुपवर टाकायला नको होतं. पन मी सांगू कोनाला? तुमाला विचारायची हिंमत नाय. शैलेश म्हनतो, वहिनीच्या भानगडीत पडू नको. देवाला रोज सांगितलं. तो पन तुमच्यासारकाच. ऐकून घेतो, बोलत नाय."

"मग शहाऐंशी लोकांना सांगितलंस."

"त्यातले साठ तर वाचत पन नाय."

मला हसायचं नव्हतं, म्हणून मी आच बघायला वाकले. आच कधीच बंद केलेली होती.

मग तू म्हणालीस, "आनि ती साक्ष. तुमी पत्रात लिवलंत ते वाचून मला नवीन काय नाय वाटलं. मी रोज तेच म्हनते स्वतःला. दादा गेले त्या दिवसापासून मी एकदा पन साक्ष नाय दिली. तुमी बघितलंत का?"

नाही. मी पाहिलं नव्हतं. दर रविवारी पहिली उठणारी तू, चौदा महिने बसून होतीस, आणि मी डोकी मोजत होते.

"एक विचारू? रागावनार नाय ना?"

"रागावणार. विचार."

"घ्यायचा नव्हता, तर भरत कशाला होतात?"

मी म्हटलं, "थेंब बाहेर पडतोय बघ, पातेलं सरकव." पातेलं जागेवर होतं. तुलाही दिसत होतं. तू सरकवलंस.

तर हे उत्तर. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट आहे. मला बढतीवर अलिबागला बदली मिळाली होती. ह्यांनी मला न विचारता साहेबांना भेटून सांगितलं की ती येणार नाही, घर मोडेल. मला ऑफिसात कळलं. मी एकोणीस दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. एक शब्द नाही. हे भिंतीला सांगायचे, "कुणीतरी मीठ द्या." मी मीठ ठेवायचे, तोंड वळवून. पण एकोणीस दिवसांत एकदाही ताट एक वाढलं नाही. दोनच वाढली. पहाटेचा अध्याय सुद्धा चालू होता. हे वाचायचे, मी ऐकायचे. दुसऱ्या दिवशी मी वाचायचे, शब्द शास्त्राचे, आवाज माझा. तेवढंच बोलणं. विसाव्या दिवशी मी म्हटलं, "मीठ स्वतः घ्या, हात आहेत ना?" आणि अबोला संपला. बदलीबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

अबोला परक्याशी कुणी धरत नाही, किशोरी. भाजीवाल्याशी पटलं नाही तर आपण दुसरा भाजीवाला बघतो. अबोला घरच्याशीच धरायचा असतो, आणि तो धरला की ताट चुकवायचं नसतं. मी पेला भरत होते तो त्यासाठी. मला हे शनिवारी, तू विचारल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर जास्वंदीला इतका रस गेला नसता.

तुझी आई देवीला शिव्या देते आणि पुनवेचा नारळ चुकवत नाही, हे तू पातेलं सरकवल्यावर सांगितलंस. तुझ्या आईचा देव निराळा, माझा निराळा. पण भांडण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज दिसते. तिला माझा सलाम सांग. आणि गुडघा दाखवायला सांग.

कालचं थोडं. मागच्या दारातून डोकी तू मोजलीस. परत येऊन म्हणालीस, "साठ." मी आधीच मोजली होती, सवयीने. एकसष्ट होती. म्हणजे तू कुणाला गाळलंस ते मला कळलं. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस, बाटलीचं बूच काढत होतीस. या वेळी मला ढकलायचं नाही असं तू ठरवलं होतंस. तुझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल, याची मला कल्पना आहे. न पिळता गळू देणं तू दोन दिवसांत शिकलीस. मला एकोणीस वर्षं करून ते फक्त मनुकांच्या बाबतीत जमलं.

मी म्हटलं, "एक कमी मोजलंस. मला धर."

तू धरलंस. बोलली नाहीस. शाबास.

आता सक्त ताकीद. हे ग्रुपवर येता कामा नये. 'प्रार्थनेचं उत्तर' म्हणून नाही, 'स्तुती असो' म्हणून नाही, कबुतर तर नाहीच. कुणी विचारलं तर सांग, वहिनींना विचारा. कुणी विचारणार नाही. साक्ष द्यायची असेल तर ती मी देईन, आणि पहिली साक्ष ही असेल की मागची खोटी होती. ती कधी द्यायची ते माझं मी ठरवीन. तू मात्र येत्या रविवारी ऊठ. तुझी खुर्ची चौदा महिने उगाच गरम झाली आहे.

राग गेलेला नाही. तुझ्यावरचा थोडा गेला. वर बसलेल्यावरचा आहे तसाच आहे, आणि त्याला तो ठाऊक आहे. रोज पाच ते सहा सांगते. प्रितेशला म्हणावं, त्या यादीतलं माझं नाव आता काढू नकोस. यादी संपली असली तरी राहू दे.

रस चांगला झाला होता. किंचित पाणी जास्त.

चंद्रावतीवहिनी
('लाडक्या' परत पाठवायचा असेल तर पाठव. ठेवून घेईन.)

ताबा दिल्याची नोंद, २ मार्च २०२५

लाकडी तबकं, छत्तीस भोकांची: दोन. एकाचा कोपरा तुमच्या दादांनी डिंकाने चिकटवलेला आहे. ओल्या फडक्याने पुसू नये.

काचेचे पेले: बहात्तर. रविवारी भरले एकसष्ट. परत आले एकसष्ट. त्यांत भरलेला एकही नाही.

रसाचं पातेलं, झाकणासह: एक. यात दुसरं काही शिजवू नये. जवळा तर मुळीच नाही.

मलमलचं फडकं: दोन. साबण लावू नये.

मेजावरची पांढरी चादर, कडेला विणकाम: एक. सासूबाईंच्या हातची.

मागच्या कपाटाची किल्ली: एक. दुसरी नाही. हरवू नये.

जास्वंदीचं झाड, मागच्या अंगणातलं: एक. यापुढे नळाचं पाणी घालणे.

देणार: चंद्रावती शांतवन साळवे
घेणार: (इथे सही कर, आणि कागद परत पाठव. फोटो काढून नको.)